खेकड्यांचं पांढरं सार

काल नातसुनेने दुकानातून नारळाच्या दुधाचं पाकीट आणलं. कात्रीने कोपरा कापला आणि पातेल्यावर धरला, की झालं. फोडणं नाही, खवणं नाही, वाटणं नाही, फडक्यातून पिळून बोटं दुखवणं नाही. दारावर सकाळीच खेकडे आले होते. पोळा नुकताच झालेला, भादव्याचं ते डोळ्यांवर येणारं ऊन पडलेलं. "आजी, तुमच्या माहेरचं सार सांगा ना," ती म्हणाली. मी खाटेवर बसून सगळं सांगितलं. मिरी किती, आलं किती, दूध केव्हा घालायचं, आच केव्हा काढायची. सार छान झालं असावं, कारण पोरांनी बोटं चाटली. मी मात्र पित्ताचं निमित्त सांगून दहीभात खाल्ला.

मालवणकडची बाई आणि खेकडे खात नाही, म्हणून घरात माझी चेष्टा होते. होऊ दे. खेकडे मला आवडत नाहीत असं नाही. मला त्या साराची लाज वाटते. इतकी वर्षं झाली, तरी भादव्यात कुठे नारळ फुटल्याचा आवाज आला की माझी मान आपोआप खाली जाते.

एकोणीस वर्षांची असताना मी लग्न होऊन हिंगणघाटला आले. आमचे हे मिलमध्ये फिटर होते. मिलच्या चाळीत दोन खोल्या मिळालेल्या. समुद्राशेजारी वाढलेल्या मुलीला ही काळी जमीन पहिल्यांदा भयंकरच वाटली. पावसाळ्यात चप्पल उचलावी तर पायाबरोबर शेरभर माती वर यायची. पण माती, ऊन, ज्वारीची भाकरी, सगळ्याची सवय झाली. सवय झाली नाही ती एका गोष्टीची. इथे नारळ देवाचा होता. देवळाच्या बाजूच्या दुकानात तो मिळायचा, महाग आणि म्हातारा. स्वयंपाकात खोबरं म्हणजे सुकं, तेही भाजून काळं केलेलं. कालवणाला नारळ फोडणारी मी चाळीतली एकटीच, आणि फोडताना माझ्याकडे बायका अशा बघायच्या, जशी काही मी समईतलं तेल भाजीला घालते आहे.

शेजारच्या वानखेडेबाई हिंगणघाटच्याच. इथला खेकड्यांचा रस्सा काळ्या मसाल्याचा, नाकातोंडातून पाणी काढणारा. आमच्याकडे कुर्ल्यांचं सार पांढरं असतं असं मी एकदा सांगून बसले, आणि त्यांना चघळायला विषय मिळाला.

"खेकडा अन् दुधात? कोकणीनबाई, उद्या चहात मासोयी टाकसान तुमी!"

चाळभर हशा पिकायचा. मीही हसायचे, पण आतून धुमसायचे. माझ्या आईच्या हातच्या साराला कोणी हसावं? एकदा करून घालीनच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आता वाटतं, सगळं झालं ते या हट्टापायी. भूक नव्हती, गरज नव्हती, डोहाळेसुद्धा नव्हते. नुसता तोरा.

खेकडे आणून द्यायच्या त्या गिरजाबाई. नदीकडच्या वस्तीतल्या. एरवी गवताचे भारे विकायच्या, पावसाळ्यात वणा नदीच्या काठचे आणि नाल्यांतले खेकडे. त्यांचा मुलगा सुदाम आमच्या ह्यांच्याच मिलमध्ये होता. आदल्या दसऱ्याला त्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. परत आले तेव्हा पांढऱ्या साड्यांतल्या बायका स्टेशनाकडून चालत येताना मी पाहिल्या होत्या, आणि गिरजाबाईंना त्यात ओळखलंच नव्हतं, इतक्या त्या ताठ चालत होत्या.

आज लिहिताना मी त्यांना 'त्या' म्हणते आहे. तेव्हा 'तू' म्हणायचे. माझ्या आईच्या वयाची बाई मला 'तुमी' म्हणायची आणि मी तिला 'गिरजा, उद्या आण गं' असं म्हणायचे. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, मी घमेलं पुढे सरकवायचे, त्या वरून खेकडे सोडायच्या. दोन वर्षांत एकदाही मी त्यांना 'आत या' म्हटलं नाही. कोणी तसं शिकवलं होतं असंही नाही. शिकवावं लागत नव्हतं, हीच तर गोष्ट आहे.

खेकड्यांचं ज्ञान मात्र त्यांचंच. समुद्राची कुर्ली वेगळी, इथली वेगळी. "रातभर सोच्छ पान्यात ठेवजा, बाई. चिखल ओकून टाकते ते. अन् अवसेचेच घेत जा, भरले राह्यते. पुनवेले नुसती टरफलं." माझी आईही हेच म्हणायची, अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ. पाचशे मैलांवरच्या दोन बायका, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, आणि दोघींना खेकड्याच्या पोटातलं ठाऊक. मी हे गिरजाबाईंना सांगितलं तेव्हा त्या केवढ्या हसल्या होत्या.

श्रावणात एक दिवस त्या आल्या, पण डोक्यावर टोपलं नव्हतं. पदराखाली काहीतरी धरलं होतं. इकडेतिकडे पाहून त्यांनी ते बाहेर काढलं. लाल फडक्यात बांधलेला नारळ.

"बाई, एक काम होतं. नाई मनू नका."

"काय गं?"

"वच्छीची दोन गेली, तुमाले मालूम हाय. हे तिसरं. भादव्यात दिवस भरते तिचे." वच्छी म्हणजे त्यांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. "मातामायले नारळ बोलली मी. पन घरी ठेवता येत नाई. सुदामनं पाह्यलं तं त्याचं मन दुखन. देव वणेत सोडले तवा मीच माह्या हातानं त्याच्या वंजळीत देल्ले होते. आता कोन्त्या तोंडानं सांगू का तुही माय भेली मनून?"

मातामाय म्हणजे त्यांची सोडलेली जुनी देवी. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुमच्या देवापाशी राहू द्या. पोरगी मोकळी झाली का घेऊन जातो. तुमच्या मुलखात नारळाचे ढीग. तुमाले त्याचं काई अप्रूप नाई. मनून तुमच्या घरी बिनघोर राहीन."

मी नारळ घेतला. देवांच्या फळीवर ठेवला. हलवून पाहिला होता, हे कबूल करते. पाण्याने गच्च भरलेला, जड, चांगला नारळ होता. कुठून मिळवला होता कोण जाणे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. श्रावण सरलेला, घरोघरी सामिष शिजायचा दिवस. आदल्या दिवशीची अवस, म्हणजे खेकडे भरलेले. मी वानखेडेबाईंना आणि चाळीतल्या आणखी तिघींना दुपारी जेवायला बोलावून ठेवलं. गिरजाबाईंनी पोळ्याच्या सकाळीच डझनभर खेकडे आणून दिले होते. मी ते रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवले.

हे सार धीराचं काम आहे. मोठ्या नांग्या ठेचून बाजूला ठेवायच्या. बारीक पाय पाट्यावर पाणी शिंपडत वाटायचे आणि फडक्यातून रस गाळायचा, कारण खरी चव त्या पायांत असते. धणे, मिरी, आलं, लसूण, हिरवी मिरची, थोडा कांदा. नारळाचं पातळ दूध आधी, त्यात खेकडे शिजवायचे. घट्ट दूध सगळ्यात शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फुटतं. वर माहेरून आलेली कोकमाची दोन सोलं. मी पाय वाटून झाले, रस गाळून झाला, आणि बाजारातून आणलेले दोन नारळ फोडायला घेतले.

पहिला खवट निघाला. दुसरा आत वाळून गोटा झालेला.

दुकानं सणाची बंद. मी चाळीत दोन घरी विचारलं, नारळ नव्हता. घमेल्यात खेकडे कापून ठेवलेले. तासाभरात बायका येणार. वानखेडेबाईंचं हसणं मला आत्ताच ऐकू यायला लागलं. आणि माझी नजर फळीवर गेली.

मला मोह झाला आणि भान राहिलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. भान होतं. मी नीट विचार केला. उद्या परवा दुकान उघडेल, दुसरा आणून ठेवू, नारळ तो नारळ, कोणाला कळणार आहे? आणि त्याखाली आणखी एक विचार होता, जो मी पुष्कळ वर्षं स्वतःलाही कळू दिला नाही. वानखेडेबाईंनी ठेवायला दिलेला नारळ असता, तर मी त्याला हात लावला नसता. गिरजाबाईंचा म्हणून लावला.

नारळ एका घावात दुभंगला. खोबरं दुधासारखं पांढरं आणि गोड. मी खवलं, वाटलं, पिळलं. सार असं उतरलं की माझ्या आईलाही हेवा वाटावा. बायका आल्या, आधी नाकं मुरडली, मग वाट्या पुढे केल्या, मग पुन्हा केल्या. वानखेडेबाई म्हणाल्या, "हरलो बापा आमी!" मी फुशारून गेले. त्या दिवशी चाळीत माझ्याइतकी सुखी बाई नव्हती.

बायका गेल्या आणि उंबऱ्याबाहेर गिरजाबाई उभ्या. खेकडे कसे निघाले ते विचारायला आल्या होत्या. मी त्यांच्या हातातल्या जर्मनच्या डब्यात वरून सार ओतलं. त्या पायरीवरच बसून प्यायल्या.

"लय गोड लागून राह्यलं, बाई. खेकडा इतका गोड मी जलमात नाई खाल्ला."

मग पदराने तोंड पुसून त्यांनी दारातूनच आत फळीकडे पाहिलं आणि हात जोडले. फळीवर लाल फडकं होतं. मी दोन रिकाम्या करवंट्या एकमेकींवर ठेवून त्यात बांधल्या होत्या, नारळाचा आकार दिसावा म्हणून. त्या करवंट्यांना त्यांनी हात जोडले. तोंडात त्यांच्या अजून साराची चव असेल. मी भांडी घासायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

सोमवारच्या बाजारातून मी नवा नारळ आणला. करवंट्या चुलीत घातल्या, नारळ त्याच फडक्यात बांधला, हळदकुंकू लावलं. वाटलं, मिटलं. पण मिटलं नाही. पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वच्छीचं तिसरंही गेलं तर? मी नवसाला मानत होते की नव्हते, हे आता आठवत नाही. पण भीती पुरेपूर मानत होते. कुठे बाई रडल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराशी कान द्यायचे. गिरजाबाई भारा घेऊन रस्त्याने जाताना दिसल्या की मी दार लोटून घ्यायचे. आणि सगळ्यात वाईट हे, की मला वच्छीची काळजी वाटत नव्हती. माझीच वाटत होती. तिचं मूल जगावं ते मी सुटावं म्हणून.

गणपती उठले आणि दोन दिवसांनी ह्यांनी मिलमधून बातमी आणली. सुदामने बहिणीला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. अडली होती, पण सुटली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत रडते आहे. मी देवापुढे साखर ठेवली आणि हसतच सुटले. हे म्हणाले, "तुझा काय एवढा जीव होता गं तिच्यावर?"

बाराव्या दिवशी गिरजाबाई आल्या. नवं लुगडं, तोंड उजळलेलं.

"बाई, माहा नारळ द्या."

मी फळीवरून तो उतरवला आणि त्यांच्या हातात दिला.

"सुदामले सांगून टाकलं मी," त्या म्हणाल्या. "वाटलं चिडन. नाई चिडला. मने, माय, तुले भेव वाटलं, मले नाई वाटलं काय? मी तुह्याजवळ बोललो नाई, तू माह्याजवळ बोलली नाई. नारळाचं काय करायचं ते तूच ठरव."

"मग? मातामायला कधी नेणार?"

"नाई नेत." त्यांनी नारळ छातीशी धरला. "चार दिवस इचार केला. पोरगी दवाखान्यात वाचली, नर्सबाईनं वाचवली, हे डोयानं पाह्यलं मी. तरी भेव जाईना. नारळ नाई देल्ला तं मातामाय कोपन, असंच वाटे. मंग मनलं, हे भेव ठेवून देव सोडले कायचे? घरी फोडतो. साऱ्याइच्या समोर, माह्या हातानं. अन् बाई, तुमी त्याचं ते पांढरं सार करून द्या. वच्छीनं खाल्लं पायजे, मीनं खाल्लं पायजे. तवा भेव जाईन."

तिथे सांगायला हवं होतं. दारात आम्ही दोघीच होतो. 'गिरजाबाई, हा तुमचा नारळ नाही,' एवढं एक वाक्य. मी म्हणाले, "येते. किती वाजता येऊ?"

त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. शेणाने सारवलेलं स्वच्छ अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली झेंडूची चार फुलं. माझ्यासाठी सतरंजी अंथरलेली. वच्छी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सुदाम भिंतीला टेकून उभा. शेजारच्या पाचसहा बायका. गिरजाबाईंनी अंगणातल्या दगडापाशी बसून लाल फडकं सोडलं. क्षणभर नारळ दोन्ही हातांत धरून तशाच बसल्या. ओठ हलत होते. मातामायची माफी मागत होत्या की तिला निरोप देत होत्या, मला कळलं नाही. कपाळावर घाम आला होता.

"माय, राहू दे," सुदाम हलकेच म्हणाला. "जबरदस्ती नाई."

"तू चूप राह्य."

पहिला घाव नुसताच निसटला. दुसऱ्याला चीर गेली. तिसऱ्याला नारळ फुटला आणि पाणी त्यांच्या हातांवरून दगडावर सांडलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. मग वच्छीच्या मांडीवरची मुलगी जागी झाली आणि दूध मागायला लागली. गिरजाबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं.

"काई नाई झालं," त्या म्हणाल्या. आणि हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. "पाह्यलं काय? काई नाई झालं!"

सगळ्या बायका हसत होत्या, डोळे पुसत होत्या. सुदामने आईच्या डोक्यावर हात ठेवला. मी खोबऱ्याच्या वाट्या उचलल्या आणि चुलीपाशी गेले. पाट्यावर वाटताना माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी म्हणत होते, कांदा फार तिखट आहे. त्या दिवशी सार कसं झालं होतं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी आग्रहाने मला शेजारी बसवून वाढलं. मी एकेक घोट ढकलला. वच्छीने दोन वाट्या खाल्ल्या.

तोपर्यंत मला वाटत होतं, मी त्यांचा नारळ चोरला. त्या अंगणात कळलं की नारळाचं फारसं काही नव्हतं. आयुष्यभराच्या भीतीसमोर ही बाई एकटी बसली होती आणि हाताने ती फोडत होती, आणि तिच्या हातात मी बाजारातला साधा नारळ ठेवला होता. तिचा पराक्रम खराच होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्या दगडापाशी तो एकटा खरा होता, बाकी सगळं मी खोटं करून ठेवलेलं. जे त्यांनी उजेडात, पोराबाळांसमोर, घाम गाळून केलं, तेच मी त्यांच्या महिनाभर आधी दार लावून केलं होतं, चार बायकांनी वाहवा करावी म्हणून.

त्यानंतर मी त्यांना 'गिरजाबाई, तुम्ही' म्हणू लागले. आत बोलावू लागले. त्यांना वाटायचं, कोकणीनबाई सुधारली. चाळीतल्या बायकांनी नावं ठेवली तरी मी ऐकलं नाही, त्याचंही त्यांना फार कौतुक. दंड भरल्यासारखी मी चांगली वागत होते, आणि त्या ते प्रेम समजत होत्या. पुढे पुढे ते प्रेम झालंही. त्यामुळे सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

त्या सतरा अठरा वर्षं जगल्या. वस्तीत मोठा मान होता त्यांना. एखादी सून, एखादी लेक जुन्या भीतीने चाचरू लागली, पोर आजारी पडलं म्हणून चोरून अंगारा आणू लागली, की बायका तिला गिरजाबाईंकडे घेऊन जायच्या. गिरजाबाई रागवायच्या नाहीत. जवळ बसवून घ्यायच्या आणि आपल्या नारळाची गोष्ट सांगायच्या. पुष्कळदा मी तिथेच असे, चहाची कपबशी हातात घेऊन.

"मीबी भेली होती वं. तुह्यापेक्षा जास्त भेली होती. पन नवसाचा नारळ या हातानं फोडला अन् खाल्ला. काई झालं काय? खोटं वाटत असन तं या बाईले विचार. हिच्या समोर फोडला."

ती पोर माझ्याकडे बघायची, डोळ्यांत भीती आणि आशा दोन्ही. गिरजाबाईही बघायच्या, खात्रीने, हसत.

"हो," मी म्हणायचे. "माझ्या समोर फोडला. नवसाचाच होता."